बिऱ्हाडांचें घर आणि मालकाचें कर्तव्य

गेल्या पंधरवड्यांत राहात्याचे एक परिचित व्यापारी गृहस्थ आमच्याकडे सल्ला विचारण्यास आले. पेठेजवळचा एक जुना दुमजली वाडा विक्रीस निघाला आहे. त्यांत सहा बिऱ्हाडें राहतात. मालक ६० लाख रुपये मागतो. बँक ४० लाख कर्ज देण्यास राजी आहे. आणि विकणारा वर असेंही वचन देतो कीं, दिवाळीच्या आंत जुनीं बिऱ्हाडें उठवून वाडा मोकळा करून देतों, मग नवीं बिऱ्हाडें दुप्पट भाड्यानें ठेवा. विसार द्यावा कीं न द्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा असता तर त्याचें उत्तर खासगी रीतीनें देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु ज्यांच्या गांठीस चार पैसे जमले आहेत अशा तालुक्याच्या गांवांतील पुष्कळ व्यापाऱ्यांपुढें आज हाच प्रश्न उभा आहे. आणि त्याच्या उत्तरावर विचारणाराचें मुद्दलच नव्हे, तर त्या वाड्यांतील सहा कुटुंबांचें छप्परही अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार उघडपणें करणें आम्हांस योग्य वाटतें.

राहात्यास भाड्याच्या घरांची मागणी कां वाढली, हें सांगण्यास ज्योतिषी नको. गांव नगर-मनमाड रस्त्यावर वसलेलें आणि शिर्डी हांकेच्या अंतरावर. शिर्डीस २००९ सालीं आगगाडी आली, १ ऑक्टोबर २०१७ रोजीं काकडीच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूरचा समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. यात्रा वाढली कीं यात्रेकरूंची सेवा करणारेही वाढतात. यात्रेकरू एक रात्र राहून आपल्या गांवीं जातो; परंतु त्यास जेवूं घालणारा आचारी, त्याची मोटार हांकणारा चालक, फुलांचे हार गुंफणारी बाई, रात्रभर दारावर उभा राहणारा पहारेकरी आणि रुग्णालयांतील परिचारिका यांस बारा महिने छप्पर हवें असतें. जेथें खोलीचा भाव रात्रीवर ठरतो तेथें महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याचा निभाव लागत नाहीं. तो शेजारच्या गांवांत खोली शोधतो. लोणीस शिकणारीं मुलें आणि तेथील नोकरदार यांचीही गरज अशीच. ज्या राहात्याचें नांव आजवर पेरूच्या बागांसाठीं घेतलें जाई, तेथें आतां "खोली मिळेल काय?" हा प्रश्न रोज विचारला जातो.

अशा वेळीं व्यापाऱ्यानें आपली शिल्लक सोन्यांत किंवा सावकारींत न घालतां बिऱ्हाडांच्या घरांत घालावी, हें आम्हांस मुळींच निंद्य वाटत नाहीं. कोरडी, हवेशीर, पाण्याची सोय असलेली खोली रास्त भाड्यानें देणारा मनुष्य समाजाची खरी गरज भागवितो. आमचा आक्षेप धंद्यास नाहीं; तो आंधळेपणानें आणि निष्ठुरपणानें केलेल्या धंद्यास आहे. आणि हे दोन दोष पुष्कळदां एकाच सौद्यांत एकत्र नांदतात, असें आमच्या पाहण्यांत आहे.

प्रथम हिशेब पाहूं. विकणाराचेंच बोलणें खरें धरून चालूं कीं, नवीं सहा बिऱ्हाडें प्रत्येकीं ५,००० रुपये भाडें देतील. म्हणजे महिन्यास ३०,००० आणि वर्षास ३,६०,००० रुपये झाले. ऐकण्यास आंकडा गोड आहे. परंतु सहा खोल्या वर्षाचे बाराही महिने भरलेल्या राहत नाहींत. सरासरी एक महिना रिकामा धरला तर ३०,००० गेले. जुन्या वाड्याची कौलें, जिने, मोऱ्या आणि नळ यांच्या डागडुजीस ४०,००० पेक्षां कमी धरणें म्हणजे स्वतःची फसवणूक करणें होय. घरपट्टी व विमा यांस १५,००० आणि दलाली, दिवाबत्ती, कागदपत्र यांस १०,००० धरा. हातीं उरले २,६५,०००. खरेदीच्या वेळीं मुद्रांक, नोंदणी आणि वकील मिळून ४ लाखांचा खर्च आलाच. तेव्हां गुंतलेली रक्कम ६४ लाख. त्यावर २,६५,००० म्हणजे शेंकडा चाराहून किंचित् अधिक. बँकेंतील मुदतठेव याहून अधिक देते, आणि ठेवीचें छप्पर पावसाळ्यांत गळत नाहीं.

आतां कर्जाची बाजू घ्या. ४० लाखांवर शेंकडा ९ दरानें पहिल्या वर्षाचें व्याज ३,६०,००० होतें. म्हणजे सहाही खोल्या भरून राहिल्या, एकही कौल फुटलें नाहीं, एकाही बिऱ्हाडकरूनें भाडें थकविलें नाहीं, तरी भाड्याचा शेवटचा रुपयासुद्धां व्याजांत जाणार. मुद्दलाचा हप्ता आणि डागडुजी मालकानें दुकानाच्या गल्ल्यांतून भरावयाची. आणि हा सर्व हिशेब दुप्पट भाड्याचा आहे! आजचीं बिऱ्हाडें तशींच राहिलीं तर उत्पन्न निम्में, म्हणजे १,८०,००० रुपये. येथें या सौद्याचें खरें स्वरूप उघड होतें. त्याचा पाया विटांचा नसून बिऱ्हाडें उठविण्याच्या वचनाचा आहे. तें वचन खोटें ठरलें तर मालक बुडतो; आणि खरें ठरलें तर सहा कुटुंबें रस्त्यावर येतात.

कोणी म्हणेल, भाडें राहूं द्या. जागेचे भाव वाढतील. वाढतीलही. परंतु भाव वाढण्याच्या आशेवर घेतलेलें घर हें घर नसून सट्टा आहे, आणि सट्टा खेळणाऱ्यानें तो स्वतःच्या पैशानें खेळावा, कर्जाच्या नव्हे. ज्यास दहा वर्षें थांबतां येतें त्यास जागेचा भाव कदाचित् फळ देईल. ज्याच्या दारीं दर महिन्यास हप्ता उभा राहतो त्यास दहा वर्षें थांबतां येत नाहीं.

बिऱ्हाडें "उठवून देतों" या शब्दांचा अर्थ काय, हेंही आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें. घराची विक्री झाली म्हणून त्यांतील भाडेकऱ्याचा हक्क संपत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून हें तत्त्व स्थिर आहे कीं, विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागीं येतो. त्याचे हक्क यास मिळतात आणि त्याचीं बंधनेंही याच्यावर येतात. तेव्हां कायद्यानें जें सहज साधत नाहीं तें विकणारा दिवाळीच्या आंत कसें साधणार? तें आपण सर्व जाणतों. प्रथम नळाचें पाणी तुटतें, मग जिन्यावरचा दिवा जातो, मग संडासास कुलूप लागतें, आणि शेवटीं चार दांडगे इसम ओसरीवर येऊन बसूं लागतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें पाण्यासारख्या जीवनावश्यक सोयी विनाकारण तोडण्यास स्पष्ट मनाई केली आहे. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांस लागू होतो. आपली मिळकत त्यांत येते कीं नाहीं हें घेणाऱ्यानें विसारापूर्वीं वकिलाकडून पाहून घ्यावें. परंतु म्हाताऱ्या विधवेचें पाणी तोडूं नये हें समजण्यास परिशिष्ट उघडण्याची गरज आहे काय? जें पाप विकणारा करणार आहे त्याची किंमत खरेदीखतांत आपण मोजीत आहों, हें घेणाऱ्यानें ओळखावें.

घरमालकांचें गाऱ्हाणें आम्हांस ठाऊक नाहीं असें नव्हे, आणि तें खोटें आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकिलीं. युद्धोत्तर टंचाईंत तो उपाय आवश्यक होता. परंतु तात्पुरता म्हणून आणलेला कायदा पन्नास वर्षांवर टिकला. भाडें गोठलें, महागाई वाढली, मालकानें डागडुजी सोडली, पगडीचा काळा व्यवहार माजला, आणि मुंबईच्या चाळी उभ्या उभ्या कुजूं लागल्या. १९६९ सालीं त्यांच्या दुरुस्तीसाठीं सरकारास उपकर बसवून वेगळें मंडळ उभारावें लागलें. अखेर १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें गोठविलेलें भाडें आतां अवाजवी झालें आहे असा अभिप्राय दिला, आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अमलांत आला. त्यानें दरवर्षीं शेंकडा ४ वाढ घेण्याची मुभा दिली. परवान्यानें जागा देण्याचा करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्यांत कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड ठेविला. आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूदही केली. म्हणजे सरळ मार्गानें चालणाऱ्या मालकास आतां संरक्षण आहे. ज्यास तें मिळत नाहीं तो बहुधा चार पैसे वांचविण्यासाठीं साध्या कागदावर करार करणारा, किंवा भाड्याची पावती न देणारा असतो. पावती न देणें हा आपल्याकडे व्यवहारचातुर्याचा भाग समजला जातो. वस्तुतः तें भित्रेपण आहे, आणि न्यायालयांत तें मालकावरच उलटतें.

दुसरी गोष्ट घराच्या देहाची. घेणारे भिंतीचा रंग पाहतात, पाया पाहत नाहींत. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां कोंदट, अंधाऱ्या, खचाखच भरलेल्या चाळींची किंमत सर्व शहरानें मोजली, आणि त्यानंतर १८९८ सालीं सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापावें लागलें. ती मुंबईची गोष्ट झाली असें म्हणून कोणीं निश्चिंत राहूं नये. रायगड जिल्ह्यांतील महाड हें राहात्यासारखेंच तालुक्याचें गांव. तेथें २४ ऑगस्ट २०२० रोजीं पांच मजली इमारत कोसळून १६ माणसें मेलीं. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तेव्हां जुनें घर तेवढें धोक्याचें आणि नवें तेवढें निर्धोक, हा समज सोडून द्यावा. जुन्या वाड्यासाठीं जाणत्या इंजिनियराकडून तपासणी, आणि नव्या इमारतीसाठीं बांधकामाची परवानगी, बिनशेतीचा हुकूम व भोगवट्याचा दाखला, हे कागद डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विसार देऊं नये. प्राप्तिकराचा कायदा घरभाड्याच्या उत्पन्नांतून घरपट्टी वजा जातां शेंकडा ३० ची सूट देतो, मग डागडुजीस तितका खर्च झाला असो वा नसो. आमची सूचना अशी कीं, त्या सुटीचा मोठा भाग मालकानें दरवर्षीं वेगळ्या खात्यांत ठेवून घरावरच खर्च करावा. सरकारनें सोडलेला कर जिन्याच्या मोडक्या कठड्यावर खर्च झाला तर कोणाचेंच नुकसान नाहीं.

तिसरी गोष्ट मालकीची. जुने वाडे बहुधा एकत्र कुटुंबाचे असतात. भाऊ भाऊ बसून विक्री ठरवितात आणि बहिणींकडून राखीपौर्णिमेस किंवा भाऊबिजेस हक्कसोडीच्या कागदावर सह्या घेतात. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वांटा मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें तो निःसंदिग्ध केला. तेव्हां घेणाऱ्यानें तीस वर्षांचा दस्तऐवजांचा शोध तर घ्यावाच. परंतु त्या बहिणींस स्वतः भेटून, त्यांस आपल्या वांट्याची किंमत कळली आहे व ती मिळाली आहे, याची खात्री करून घ्यावी. ही सुधारकी भाषा आहे असें कोणास वाटल्यास तीच गोष्ट व्यापारी भाषेंत सांगतों: दुखावलेल्या बहिणीचा दावा आलेला वाडा वीस वर्षें विकतां येत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहिला तिच्याकडे वळूं. आमच्या स्नेह्यांनीं हिशेब ऐकून घेतला, कायदा ऐकून घेतला, आणि उठतां उठतां म्हणाले, "खोल्या मात्र चांगल्या घरच्या माणसांनाच देणार." चांगल्या घरचें म्हणजे कोणतें, असें विचारतां ते हंसले. तें हंसें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. दारावर खोली मागण्यास आलेल्या मनुष्यास प्रथम आडनांव विचारावयाचें, आडनांवावरून जात कळली नाहीं तर गांव विचारावयाचें, गांवावरून कळली नाहीं तर "तुमच्यांत काय खातात?" असें विचारावयाचें, आणि मग खोली कालच गेली असें सांगावयाचें. एकटी राहणारी परिचारिका आली तर तिच्या चारित्र्याची चौकशी. मुसलमान कारागीर आला तर प्रश्नही नाहीं, सरळ नकार.

१९१७ सालीं परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन आलेले भीमराव आंबेडकर बडोद्यास सरकारी नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेंत पारशी नांव घेऊन त्यांस राहावें लागलें. कांहीं दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस तेथून घालविलें. आणि ज्या विद्वानानें पुढें या देशाची राज्यघटना घडविण्यांत अग्रभाग घेतला तो सार्वजनिक बागेंत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. त्या गोष्टीस शंभराहून अधिक वर्षें झालीं. आज कोणी काठी घेऊन येत नाहीं. "खोली कालच गेली" हे तीन शब्द तेंच काम करतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेच्या उपभोगास आडकाठी करणें हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. परंतु हंसून दिलेला नकार न्यायालयांत शाबीत करणें कठीण, हें नाकारणाराही जाणतो.

आणि ही गोष्ट राहात्यास तरी शोभत नाहीं. शिर्डीचे साईबाबा राहात्यास येत ते येथील व्यापारी चंद्रभानशेट आणि पुढें त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्या घरीं. मशिदींत राहणारा, ओठांवर अल्लाचें नांव आणि समोर धुनी असलेला हा फकीर हिंदु कीं मुसलमान, याचा निर्णय १९१८ सालीं त्यांनीं देह ठेवीपर्यंत कोणासही करतां आला नाहीं. त्यांच्यासाठीं राहात्याचे लोक वाजतगाजत वेशीपर्यंत येत, आणि व्यापाऱ्याचें घर त्यांस उघडें असे. ज्या फकिराच्या पुण्याईवर आज खोल्यांचें भाडें वाढलें, त्याच्याच जातीच्या प्रश्नास उत्तर नसतां त्यास ओसरीवर बसविणारें हें गांव. त्या गांवांत आज खोलीच्या दारावर आडनांव तपासलें जावें, यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

यावर उत्तर येतें कीं, घर आमचें आहे. कोणास ठेवावें हें आम्ही ठरवूं. ज्या घरांत मालक स्वतः राहतो, ज्याची चूल आणि उंबरठा एक आहे, तेथें तो आपली सोय पाहील, हें आम्ही समजूं शकतों. परंतु ज्यानें सहा खोल्या केवळ उत्पन्नासाठीं विकत घेतल्या त्यानें घर घेतलेलें नाहीं, दुकान मांडलें आहे. आणि दुकानाच्या फळीवर गिऱ्हाइकाची जात लिहिलेली नसते. याच व्यापाऱ्यानें बाजार समितींत कांदा घेतांना शेतकऱ्याचें आडनांव पाहून कधीं बोली थांबविली आहे काय? डाळिंबाच्या पेटीस जात नाहीं, रोख रकमेस जात नाहीं. मग भाड्याच्याच पैशास ती कोठून चिकटली? वरील हिशेबांत एक रिकामी खोली मालकास महिन्यास ५,००० रुपयांचा खड्डा पाडते, हें आपण पाहिलें. आडनांवासाठीं नाकारलेलें प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे आपल्या अहंकारास भरलेला तेवढा कर होय. बिऱ्हाडकरूची पारख अवश्य करावी. पण त्याची नोकरी विचारावी, पगाराचा दाखला पाहावा, मागच्या मालकाकडे चौकशी करावी, रास्त अनामत घ्यावी आणि करार नोंदवावा. भाडें थकविणें हा कोणत्याही एका जातीचा गुण नाहीं, आणि वेळेवर देणेंही नाहीं.

गांवानेंही कांहीं करावयास हवें. याच तालुक्यांत लोणीस १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकट्या शेतकऱ्यास जें अशक्य होतें तें दहांनीं मिळून साधलें. मग दहा व्यापाऱ्यांनीं दहा जुने वाडे दहा कर्जें काढून घेण्यापेक्षां एकत्र भांडवल जमवून कष्टकरी व नोकरदार कुटुंबांसाठीं नव्या, स्वच्छ, प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र नळ व संडास असलेल्या खोल्या कां बांधूं नयेत? त्यांत प्रत्येकाची जोखीम कमी, डागडुजी एके ठिकाणीं, आणि भाडें जाहीर. नगरपरिषदेनें भाड्यानें देण्याच्या घरांची यादी ठेवावी, धोकादायक घरांस पावसाळ्यापूर्वीं नोटिसा देऊन त्यांचा पाठपुरावा करावा, आणि ज्या मालकाचीं घरें स्वच्छ, करार नोंदलेले व पावत्या नियमित असतील त्याचें नांव जाहीरपणें घ्यावें. गांवांत चांगलें नांव होणें याचीही व्यापाऱ्यास किंमत असते.

आतां आमच्या स्नेह्यांस उत्तर. वाडा मुळींच घेऊं नका, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं विकणारास सांगावें कीं, बिऱ्हाडें उठवूं नका. आज जें खरें भाडें येतें त्यावरच किंमत बोला. मागणी ६० लाखांवरून बरीच उतरली, कर्ज निम्म्याहून कमी घेऊन भागलें, इंजिनियरानें पाया ठीक म्हटला आणि बहिणींनीं राजीखुषीनें सह्या केल्या, तर विसार द्यावा. मग पहिल्या वर्षीं भाडें न वाढवितां छप्पर शाकारावें, नळ दुरुस्त करावे, पावत्या सुरू कराव्या. आणि नंतर कायदा देतो तेवढी वाढ मागावी. ज्याचें गळणें थांबलें तो बिऱ्हाडकरू ती वाढ बहुधा कुरकुर न करतां देईल. आणि पुढें एखादी खोली रिकामी होईल तेव्हां दारीं येणाऱ्या पहिल्या पात्र मनुष्यास, त्याचें आडनांव करारावर लिहितांनाच विचारून, ती द्यावी. विकणारा या अटींस राजी नसेल तर त्या वाड्याकडे पाठ फिरवावी. तो सौदा सुटल्याचें दुःख चार दिवस राहील, झाला असता तर पुष्कळ वर्षें राहिलें असतें.

घर पाहावें बांधून, असें आपल्याकडे म्हणतात. आम्ही त्यांत एवढीच भर घालतों कीं, दुसऱ्याचा संसार ज्यांत आहे असें घर घेऊन पाहणें त्याहून कठीण आहे. भिंती, कौलें, जागा हीं सर्व पैशानें मिळतात. आंत राहणारीं माणसें खरेदीखतांत येत नाहींत. तीं आपल्या विश्वासावर सोंपविलेलीं असतात. हें ज्यास उमगलें त्यानें खुशाल घरमालक व्हावें. राहात्यास अशा मालकांची फार गरज आहे.